बुडू न दिलेल्या नायिका

आषाढात प्रेमात पडलेल्या माणसांवर आमच्या मास्तरांचा विश्वास नव्हता. कादंबरीतला नायक आषाढाच्या ढगांकडे पाहून उसासे टाकू लागला, की ते पुस्तक मांडीवर पालथं घालायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोर बसलेल्या शंभरेक माणसांना विचारायचे, "आषाढात कोन रिकामा हाये गा? हात वर करा." कोणाचाच हात वर व्हायचा नाही. व्हायला हात मोकळे तरी हवेत! सगळ्यांच्या हातात तेंदूपान, जर्दा आणि दोरा. "पाहा," मास्तर म्हणायचे, "धानाचा रोवणा चालू हाये, बांध फुटून राहिले, बैलाले चारा नाही, अन् हा बावाजी नदीवर बसून राहिला. याच्या बापाची बांधी कोन रोवते? लेखकानं लिहिलंच नाही." एवढं झालं की चष्मा पुन्हा नाकावर यायचा आणि कादंबरी पुढं सरकायची.

हे सगळं चालायचं ते गोंदियाच्या वेशीबाहेर, फुलचूरच्या रस्त्याला असलेल्या एका बिडी कारखान्यात. मी तिथं चेकर होतो. म्हणजे लोकांनी वळलेल्या बिड्या पाहायच्या, बऱ्या ठेवायच्या, वाकड्यातिकड्या छाटून बाजूला टाकायच्या. वय बावीस, शिक्षण सातवी पास, आणि डोक्यात हवा इतकी की टोपी बसत नसे. कारखाना म्हणजे एक लांबच लांब कौलारू खोली. भिंतीला लागून बायामाणसांच्या रांगा, प्रत्येकाच्या मांडीवर सूप आणि हाताशी पान कापायची कैची. बिडी वळताना बोटं चालतात, डोळे थोडेफार चालतात, कान मात्र दिवसभर रिकामे. त्या रिकाम्या कानांची सोय म्हणजे मास्तर.

मास्तर कुठल्या शाळेत कधी शिकवायला नव्हते. त्यांची स्वतःचीच शाळा चौथ्या यत्तेत सुटली होती. पण वाचणाऱ्याला आमच्याकडे मास्तरच म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. लहानपणी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं धान कांडायच्या ढेंकीखाली सापडली होती, आणि बिडी वळायला नेमकी तीच लागतात. त्यांनी वळलेली एक बिडी मी पाहिली आहे. ती बिडी कमी आणि पुडी जास्त होती. कामगारांनीच मग तोड काढली. मास्तरांनी एका पालथ्या खोक्यावर बसून दिवसभर वाचायचं, आणि संध्याकाळी प्रत्येकानं आपल्या सुपातल्या थोड्या बिड्या त्यांच्या टोपलीत टाकायच्या. अशी मास्तरांची टोपली भरायची, आणि तिच्यावर त्यांना मजुरी मिळायची. शंभर हातांच्या बिड्या एका टोपलीत. तपासताना मला कोणती कोणाची ते पाहिल्याबरोबर कळायचं.

पुस्तकं ते गावातल्या वाचनालयातून आणायचे. पावसाळ्यात ही स्वारी चिंब भिजून यायची, बगलेत छत्री. छत्री असून भिजले कसे म्हणून मी पहिल्या वर्षी विचारलं. मास्तरांनी छत्रीचा पट्टा सोडला, आणि मिटलेल्या छत्रीच्या पोटातून कोरडं ठणठणीत पुस्तक काढलं. "मी वाळतो," ते म्हणाले. "हे वाळत नाही."

पुस्तक संपलं की निकाल. हा निकाल तांदळाच्या भाषेत असायचा. फारच आवडलं तर 'चिन्नोर'. हा आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ, पाहुणा आला तरच शिजायचा. बरं वाटलं तर 'लुचई', रोजच्या ताटातला. त्याच्याखाली कनकी, म्हणजे तुकडा. आणि सगळ्यात वाईट पुस्तक म्हणजे 'करगा'. करगा धानातच उगवतो, धानासारखाच दिसतो आणि कापणीच्या आधी दाणे झाडून मोकळा होतो. "दोनशे पानं मी याले पानी देल्लं," मास्तर हळहळायचे, "अन् हातात पेंढा."

त्यांच्या हाती येणाऱ्या बहुतेक कादंबऱ्या प्रेमाच्या. एका नायिकेला दर चौथ्या पानावर मूर्च्छा यायची. तिसऱ्या मूर्च्छेला मास्तर थांबले. "इले कोनी तरी पेज पाजा गा. पोरगी उपाशी हाये, अन् लेखकाले वाटते प्रेम हाये." दुसऱ्या एका नायकानं ऐंशी पानं नुसती पत्रं लिहिली. मुलगी राहायची दोन कोसांवर. "पायानं गेला असता तं भात निवाच्या आत पोचला असता," मास्तर म्हणाले, आणि उरलेली पत्रं त्यांनी सरळ गाळून टाकली. खोलीतल्या एकाही माणसानं तक्रार केली नाही.

प्रेमाच्या पुस्तकाला त्यांचे दोनच प्रश्न असत. भांडण झाल्यावर आधी कोण बोलतं, आणि त्या दिवशी चूल कोण पेटवतं. "हे ज्यानं लिहिलं तो चिन्नोर. बाकी सारे मांडवातच पुस्तक संपवून पळून जातात." मी एकदा आगाऊपणानं विचारलं, तुमच्या घरी आधी कोण बोलतं? मास्तर जराही लाजले नाहीत. "मी बोलतो. चूलही मीच पेटवतो. म्हनून तं संसार टिकला." आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलं आहे. पण कादंबरी हातात घेतली की मी अजून आधी महिना कोणता ते पाहतो, आणि बायकोशी भांडण झालं की मुकाट्यानं चुलीकडं जातो. दुसरी शिकवणूक पहिलीपेक्षा जास्त उपयोगी पडली.

एकदा शनिवारी वाचन नेमकं अशा जागी थांबलं, की नायिकेला ताप भरलाय आणि वैद्यानं मान हलवली आहे. रविवारी सुट्टी. सोमवारी नागऱ्याकडून येणाऱ्या बाया उशिरा आल्या, ओल्या केसांनी, आणि त्यांनी खोलीभर खोबऱ्याचे तुकडे वाटले. मी विचारलं, कशाचा प्रसाद?

"त्या पोरीसाठी नवस बोललो जी महादेवाले," एकजण म्हणाली. "वैद्याच्यानं तं काही होऊन नाही राहिलं."

"कोणत्या पोरीसाठी?"

"पुस्तकातल्या."

मी हसलो. दुसरं कोणीच हसलं नाही. मास्तरांनी खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावला, तोंडात टाकला, खोक्यावर बसले, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत नायिकेचा ताप उतरला. संध्याकाळी ती उठून बसली आणि तिनं दहीभात मागितला. बायांनी एकमेकींकडं असं पाहिलं, जणू घरचंच माणूस दुखण्यातून उठलं.

आता गंमत अशी, की ती कादंबरी मी भंडाऱ्याला मामाकडं असताना वाचलेली होती. तिच्यात नायिका मरते. चांगली सविस्तर मरते, आणि तिच्यामागं नायक अठरा पानं रडतो. दहीभात त्यात कुठंच नाही. मग मला आठवायला लागलं, की आपण इथं आल्यापासून या खोलीत एकही नायिका मेलेली नाही. विहिरी आल्या, विषाच्या पुड्या आल्या, भर नदीत होड्या उलटल्या. पण कोणी ना कोणी धावत यायचं, पुडीत पिठीसाखर निघायची, आणि होडीखाली पाणी कमरेएवढंच असायचं.

चोर पकडल्याच्या आनंदात मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मास्तरांना गाठलं. ते फाटकाशी कडुनिंबाखाली शिदोरी सोडून बसले होते.

"मास्तर, ती मरते."

मास्तरांनी घास गिळला. "नवस झाला होता. आता मी इले मारू कशी? देवाले तोंड कोन दाखवंन?"

"आणि बाकीच्या सगळ्या? त्यांना कोण नवस बोललं होतं?"

मला वाटलं, आता खजील होतील. ते झाले नाहीत. त्यांनी हात धुतले, आणि खोलीच्या दाराकडं बोट केलं. "तिसऱ्या रांगेत भिंतीशी बसते ते पारबता तुले माहीत हाये?"

माहीत होती. पारबताच्या बिड्या मी न पाहताच पास करायचो, इतका तिचा हात साफ. बाई मात्र दिवसाकाठी दोन शब्द बोलायची, आणि त्यातला एक 'हो' असायचा.

"माझं पहिलंच वर्ष होतं," मास्तर सांगू लागले. "मी पुस्तकात हाये तसंच वाचत होतो. एक कादंबरी आली. नवऱ्यानं टाकलेली बाई, जाते अन् तळ्यात उतरते. लेखकानं लय गोड लिहिलं होतं गा. पानी कसं मऊ लागते, चंद्र कसा दिसते. मी रडून रडून वाचलं. सारे रडले. पारबताले तिच्या नवऱ्यानं त्याच महिन्यात टाकलं होतं. मले माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते कामावर आलीच नाही. तिची माय धावत आली, घरीही नाही म्हने. सारा कारखाना उठला. सापडली गावच्या बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, पाळीवर, दोन्ही पाय पान्यात सोडून. मी म्हटलं, बाई, काय करून राहिली? तं मले म्हनते, 'मास्तर जी, मऊ नाही लागत. थंड लागते.'"

मास्तरांनी शिदोरीचं फडकं बांधलं. मग म्हणाले, "त्या दिवसापासून माझ्या तोंडून कोनी बुडलं नाही. लेखकाले काही बुडवाचं असंन तं आपल्या घरी बुडवावं."

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडलो नाही. बावीस वर्षांच्या चेकरला तेवढं वाकता येत नाही. मी फक्त म्हणालो, कोणाला सांगणार नाही.

आणि सांगितलं. तेच मला या सगळ्यात सांगायचं आहे, आणि तिथंच हात अडतो आहे. कारखान्याचे मुनीमजी हिंदी बोलणारे, गोरेपान, भित्रे आणि गोष्टींचे शौकीन होते. वाचन चालू असलं की ते आपल्या गादीवर बसून कान देत. एकदा स्टेशनजवळच्या हॉटेलात त्यांनी मला चहा पाजला. मुनीमजीनं चहा पाजणं ही चेकरच्या आयुष्यात लहान गोष्ट नाही. ते म्हणाले, "मास्टर की किताबों में आखिर में सबका भला होता है. बड़ा अच्छा लगता है." मी दुसरा कप संपवत होतो. मी हसत हसत म्हणालो, "किताबों में नहीं होता मुनीमजी, मास्टर करते हैं." आणि मग मी सगळं सांगितलं, रंगवून, जणू मोठा विनोदच. पारबताचं तेवढं वगळलं. मुनीमजी खूप हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत विसरूनही गेलो.

त्यानंतर वर्षभरानं ते दारांचं पुस्तक आलं. लढाईचे दिवस होते. धान्य मोजून मिळत होतं, बोलणंही लोक मोजूनच बोलत. मास्तरांनी छत्रीतून पुस्तक काढलं आणि म्हणाले, "हे प्रेमाचं नाही. हे पुढच्या काळातलं हाये. पुढे एक शहर होनार हाये, त्याची गोष्ट."

त्या शहराच्या राजानं एक दिवस सगळ्या घरांची दारं काढून नेली. चोऱ्या बंद व्हाव्यात म्हणून. मग भांडणं बंद व्हावीत म्हणून बोलणं ठरवून दिलं. सकाळी कोणतं वाक्य, संध्याकाळी कोणतं. लोक हळूहळू तेवढंच बोलायला लागले, आणि पुढं पुढं त्यांना तेवढंच सुचायला लागलं. त्या शहरात एक सुतार होता. तो लपूनछपून फळ्या जमवून, भुशाच्या ढिगाखाली झाकून, एक दार करत होता.

"दार नाही म्हनून एवढं रडते काऊन तो?" आमचे म्हातारे डोमाजी पहिल्याच दिवशी बोलले. "आमच्या घरी तं बांबूची तट्टीच हाये." सगळी खोली खो खो हसली.

मास्तर हसले नाहीत. "तट्टी तूच लावतो डोमा, तूच काढतो. त्यायची दारं दुसऱ्यानं काढली."

हसू थांबलं. दुसऱ्या दिवशी एका बाईनं विचारलं, "हे शहर कुठं हाये जी? बालाघाटाच्या पलीकडे का?"

"अजून बांधून नाही झालं," मास्तर म्हणाले.

प्रेमकथा चालू असली की बिड्या भराभर व्हायच्या. या पुस्तकानं हात मंदावले. सुतार रंधा मारायला लागला की खोलीतली माणसं श्वास धरून ऐकायची, की रस्त्यावरच्या शिपायाला आवाज तर गेला नाही ना. मी मास्तरांना विचारलं, हे चिन्नोर की लुचई? ते म्हणाले, "हे धानच नोहे. हा चिरायत्याचा काढा होय. चव विचारू नोको, पी." पण त्यांना ते फार आवडलं होतं हे मला दिसत होतं. घरी जाताना ते छत्री बगलेत मारायच्या ऐवजी दोन्ही हातांनी छातीशी धरून जायचे.

शेवटचं प्रकरण उरलं तेव्हा मुनीमजींनी मास्तरांना गादीजवळ बोलावलं. मी तिथंच बिड्यांचे कट्टे लावत बसलो होतो.

"मास्टर, ऐसी किताब से पुलिस आती है."

"कहानी है मुनीमजी."

"कहानी है तो बदल दो. तुम बदलते हो, मुझे मालूम है." मुनीमजी वाईट माणूस नव्हते. ते समजावणीच्या सुरात बोलत होते. "आखिर में राजा खुद आए, सबको नए दरवाजे दे दे, सब लोग राजा की जय बोलें. बस. हमेशा की तरह सबका भला. नहीं तो कल से किताब बंद, और तुम हौद पे पत्ते भिगोओ. मैं भी क्या करूं? मुझे भी डर लगता है."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं, जसं एखादी ओळ नीट लागली नाही की ते परत एकदा पाहायचे, तसं. मी कट्टे मोजायला लागलो.

त्या खोक्याखेरीज या माणसाला जगात दुसरी जागा नव्हती, हे मला माहीत होतं. घरची एवढीशी बांधी भाऊ कसत होता, हाताला बिडी वळता येत नव्हती. हौदावर पानं भिजवायची म्हणजे दिवसभर पाण्यात हात आणि समोर भिंत. आणि त्यांना करायचं तरी काय होतं? इतकी वर्षं जे हौसेनं केलं, तेच एकदा हुकमानं करायचं. मी मनात धावा करत होतो, की मास्तर, बदला. द्या प्रत्येकाला एकेक दार. तुमचं काय जातं? खरं सांगायचं तर त्यांनी बदललं असतं म्हणजे माझा गुन्हाही धुतला गेला असता, म्हणून मी ते मागत होतो.

दुसऱ्या दिवशी मुनीमजी स्वतः दारात येऊन उभे राहिले. मास्तर खोक्यावर बसले, त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. राजाची माणसं सुताराकडं येतात. त्याला मारत नाहीत, बांधत नाहीत. नुसती समोर बसतात आणि संध्याकाळचं ठरलेलं वाक्य त्याच्याकडून म्हणून घेतात, पुन्हा पुन्हा, दिवसभर. संध्याकाळी सुतार उठतो, भुशातून दार काढतो आणि स्वतःच्या कुऱ्हाडीनं फोडतो. त्या फळ्यांवर त्याची बायको भात शिजवते. तो पोटभर जेवतो. आलेल्या माणसांचे आभार मानतो. "आणि त्या रात्री," मास्तरांनी वाचलं, "त्याला फार छान झोप लागली." त्यांनी पुस्तक मिटलं. "समाप्त."

कैच्या थांबल्या होत्या. डोमाजी सूप खाली ठेवून म्हणाले, "मास्तर जी, आज बदललं नाही तुमी?"

मास्तर दचकले. "काय बदललं नाही?"

"शेवट." हे पारबता बोलली, मान वर न करता. "दरवेळी शेवट आला का तुमचं पान उलटाचा आवाजच येत नाही. एकाच पानावर अर्धा अर्धा घंटा वाचता. आमाले का कान नाहीत का?"

"कवापासून माहीत हाये तुमाले?"

"पहिल्यापासून जी. सात वर्सं झाले. तुमी एवढ्या जीवानं सांगत होते, आमी म्हटलं, सांगू द्या."

मास्तरांचा चेहरा भर पंगतीत वाढताना धोतर सुटावं तसा झाला. पण सगळी खोली त्यांच्याकडं इतक्या मायेनं पाहत होती, की हळूहळू तेही हसले. नवस बोलणाऱ्या बायाही हसत होत्या. त्यांनाही ठाऊक होतं, तरी त्यांनी नारळ फोडला होता. शहाणा तेवढा मी एकटा होतो.

मग मास्तर खोक्यावरून उठले. "प्रेमाच्या गोष्टीत मी खोटं बोललो, कबूल," ते म्हणाले. "तिथं खोटं बोललं तं एखादी पोरगी घरी परत येते. या गोष्टीत खोटं बोललो तं सारं गाव झोपी जाते." बोलताना ते मुनीमजींकडं पाहत नव्हते. डोमाजींना नीट कळावं अशा बेतानं सांगत होते.

मुनीमजी दारातून एक पाऊल मागं सरले. मग म्हणाले, "कल से किताब बंद." आणि मान खाली घालून गेले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर बाहेर हौदावर. नागझिऱ्याच्या रानातून आलेल्या पानांचे पुडे सोडायचे, बुडवायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. आत शंभर माणसं, आणि नुसती कैच्यांची कचकच. त्या दिवसांत माझ्याकडं छाट फार निघाली. पारबताच्या हातचीही एक वाकडी बिडी मी पाहिली आणि गुपचूप चांगल्यांत टाकून दिली.

चौथ्या दिवशी मी हौदाशी गेलो आणि सगळं कबूल केलं. चहा, हॉटेल, हसणं, सगळं. बोलताना मी रडायला लागलो. मास्तर पानं बुडवत राहिले.

"तू जे सांगतलं ते खरं होतं ना?"

"हो."

"तं रडून कायले राहिला? खरं बोलला. फक्त चहा पिऊन बोलला. चहा पिला का मानूस लेखकावानी बोलते, गरजेपेक्षा दोन पानं जास्त." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पारबताचं सांगतलं होतं का?"

"नाही."

"तं झालं." आणि त्यांनी मला पानांचा एक पुडा दुसरीकडून धरायला लावला. माफी मिळाली ती एवढीच. मला आयुष्यभर पुरली आहे.

आठ-नऊ दिवस असेच गेले. एका दुपारी मी रांगांमधून टोपल्या गोळा करत होतो. पारबता एकाएकी दाराकडं तोंड करून मोठ्यानं बोलली. तिचा आवाज इतका मोठा असेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

"मास्तर जी! त्या सुताराच्या दाराले कडी होती का?"

हौदावरचा पाण्याचा आवाज थांबला. "होती," बाहेरून उत्तर आलं.

"लोखंडाची?"

"लोखंडाची. लोहाराकडून चोरून आनली होती."

"तं लाकूड जळलं. कडी कायले जळंन?"

पारबताचे हात चालूच होते. पान, जर्दा, वळण, दोरा. "दुसऱ्या दिवशी त्याची बायको भांडे घासाले चुलीतली राख घेते," ती म्हणाली. "लेखकाले राखेचं काय मालूम? त्यानं कधी भांडं घासलं? राखेत तिच्या हाताले काहीतरी टोचते. पाहते तं कडी. अजून गरमच हाये. ते इकडे पाहते, तिकडे पाहते. नवरा झोपूनच हाये. ते कडी पदरात बांधते."

मुनीमजी गादीवरून उठून आत आले. "कौन पढ़ रहा है?"

"कोई नहीं मुनीमजी," मी म्हणालो. "किताब बंद है."

त्यांनी रांगांवरून नजर फिरवली. कोणाच्या हातात पुस्तक नव्हतं. सुपं होती, पानं होती, आणि चालणारी बोटं. त्यांनी जे बंद केलं होतं ते बंदच होतं. ते क्षणभर माझ्याकडं पाहत राहिले, आणि परत जाऊन आपल्या जागी बसले. थोड्या वेळानं मी पाहिलं, तर त्यांनी मान दाराच्या बाजूला कलती केली होती.

पारबता मात्र गप्प झाली होती. घाबरली म्हणून, की पुढचं तिलाही ठाऊक नव्हतं म्हणून, मला सांगता येणार नाही. कैच्या पुन्हा थांबल्या.

मास्तरांना मी कधी कोणाची गोष्ट मध्ये न तोडता ऐकताना पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ते हौदावरून उठले. ओले हात धोतराला पुसत आले आणि उंबऱ्यात उकिडवे बसले.

"मंग?" त्यांनी विचारलं.